हिरवी कबुतरी

हिनेकचा डावा हात परत आला तर फायदा हिनेकचा, असं सगळं गाव धरून चाललं होतं. त्याच्या बायकोचा, यार्मिलाचा, हिशोब निराळा होता. हिनेकच्या बँडची तालीम मंगळवारी आणि शुक्रवारी असते. नवरा तालमीला गेला की संध्याकाळचं घर आपलं, सूपमध्ये मीठ किती टाकलंस हे विचारायला पाठीशी कुणी उभं नाही. हा पहिला फायदा. दुसरा कापणीनंतरच्या जत्रेतला. जत्रेत बँडवाल्यांच्या बायकांचं बाक वेगळं असतं, आणि भाजलेलं बदक आधी त्या बाकाकडे येतं. मागच्या वर्षी यार्मिला औषधवाल्याच्या विधवेशेजारी बसली होती, आणि तिच्यापर्यंत पोचली ती बदकाची फक्त मान. तिसरा फायदा ती स्वतःशीसुद्धा मोठ्यानं बोलत नसे. निजण्याआधी हिनेक स्वयंपाकघरात बसून अकॉर्डियनवर एक संथ पोल्का, तिकडचं नाचाचं गाणं, वाजवायचा, आणि तो वाजला की दिवस संपला असं वाटायचं. तो पडल्यापासून यार्मिलाचे दिवस संपतच नव्हते.

तो पडला त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे डुक्कर कापलं होतं. आतड्यात सारण भरता भरता त्याच्या डाव्या हातातून आतडं निसटलं, मग टोप निसटला, मग हिनेक स्वतःच खाली बसला. अर्धांगाचा झटका. पाय सावरले, जीभ सावरली, बोटं मात्र सावरली नाहीत. आणि अकॉर्डियनची डावी बाजू मोठी कठोर असते. उजव्या हाताच्या पट्ट्या वाजवणाऱ्याला दिसतात. डाव्या हाताची बटणं छातीआड असतात, ती बोटांनीच ओळखायची. हिनेकच्या बोटांना आता सगळी बटणं सारखीच लागत होती.

त्याच्या भावाचं, लुबोशचं, खातं जरा गुंतागुंतीचं होतं. लुबोश बँडमध्ये ट्यूबा, ते पितळेचं मोठं कर्ण्यासारखं वाद्य, वाजवायचा. हिनेक पडल्यावर बँड चालवायची छडी त्याच्या हातात आली, आणि ती त्याला शोभते असं त्याचं स्वतःचं मत झालं होतं. भाऊ बरा व्हायला हवा होता, अगदी मनापासून हवा होता. फक्त छडी परत द्यायला नको होती. माणसाला एकाच वेळी दोन्ही वाटू शकतं. लुबोशला वाटत होतं.

ब्रनो शहरातल्या एका इस्पितळात झटका आलेल्यांसाठी भास आणणाऱ्या अळंबीतल्या औषधाचा नवा प्रयोग सुरू झाला आणि हिनेकचं नाव त्यात लागलं, तेव्हा लुबोश हसून हसून खोकला.

"म्हणजे अळंबीचंच औषध? अरे, मला सांगायचंस! आपल्या कुरणात ती निळी पडणारी कुत्र्याची छत्री फुकट उगवते. ती खायला ब्रनोला कशाला जायचं?"

"तिथे पलंग मिळतो," हिनेक म्हणाला.

"आणि डोळ्यांवर पट्टी बांधतात," यार्मिला म्हणाली. "कुणाचं तोंड बघायला लागू नये म्हणून."

"वहिनी, माझं तोंड बघून लोक बिअर पाजतात."

"गप्प बसावंस म्हणून पाजतात, भावजी."

या तिघांचं बोलणं असंच चालायचं. लुबोशनं डिवचायचं, हिनेकनं थंडपणे परतवायचं, यार्मिलानं वरून फोडणी घालायची. कुणी कुणाचं मनावर घेत नसे. निदान तोपर्यंत घेत नव्हतं.

औषधाच्या आधी डॉक्टर हाय्नोवांनी नवराबायकोला समोर बसवून घेतलं. बाई तरुण होत्या, पण शब्द जपून वापरायच्या.

"उंदरांमध्ये असं दिसतं, की या औषधानंतर मेंदूतल्या पेशींना नवे फाटे फुटतात. जुने रस्ते थोडे सैल होतात. माणसात नेमकं काय होतं ते आम्ही अजून शोधतोय. तुमचा हात येईलच, असं मी म्हणणार नाही."

"पण समजा झालं तसं," यार्मिला म्हणाली, "तर?"

"तर काही दिवस मन लहान मुलासारखं मोकळं राहील. बोटांना जे शिकवाल ते लवकर मुरेल. पण चुकीचं शिकवलंत तर तेही मुरेल. आणि भीतीसुद्धा शिकलेलीच गोष्ट असते. त्या दिवसांत भांडणं नकोत, बातम्या नकोत, धक्के नकोत. शांत घर, रोजचा सराव, थोडं चालणं. बस."

"खमिराचं पीठ फुगत असताना दार उघडायचं नाही," यार्मिला म्हणाली.

डॉक्टरबाई हसल्या. "हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे."

यार्मिला हसली नाही. वाऱ्याची झुळूक लागून बसलेलं पीठ तिनं पाहिलं होतं. ते पुन्हा फुगत नाही. वर दिसायला पीठच दिसतं, आत मात्र दगड.

औषधाच्या दिवशी हिनेक डोळ्यांवर पट्टी बांधून संगीत ऐकत पडून राहिला, आणि शेजारी एक परिचारिका त्याचा हात धरून बसली. संध्याकाळी यार्मिला आणायला गेली, तेव्हा तो खिडकीपाशी उभा होता. चेहरा असा, जसा काही नुकताच धुवून वाळत घातलाय.

"काय दिसलं रे?"

"बटणं," तो म्हणाला. "प्रत्येक बटण निराळं होतं, यार्मिला. सगळ्यांना नावं होती. इतकी वर्षं मी त्यांना नुसता दाबत होतो."

तिला आनंद होण्याआधी भीतीच वाटली. एवढा उघडा चेहरा तिनं फक्त तान्ह्या मुलाचा पाहिला होता, आणि तान्ह्या मुलाला गर्दीत नेत नाहीत.

घरी आल्यावर तिनं पहारा बसवला. रेडिओ कपाटात गेला. फोनचा आवाज बंद. शेजारणीला सांगून तिचा कुत्रा मागच्या अंगणात बांधायला लावला. जिन्यावर संत सेबास्टियनची तसबीर होती, अंगात बाण रुतलेली; तिच्या सासूची आठवण. ती तिनं भिंतीकडे तोंड करून कपाटामागे उभी केली. हातातून पळी पडली तरी ती आधी पळीकडे न बघता नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघायची. दचकला का? नाही दचकला. बरं. वारा घरात शिरू नये म्हणून ती जणू उंबऱ्यावर बसली होती, आणि उंबऱ्यावर बसणाऱ्याला वारा आधी लागतो. हिनेक दिवसेंदिवस शांत होत गेला आणि यार्मिला पानाच्या सळसळीला उठून बसायला लागली.

पण हात येत होता, हे खरं. सराव घ्यायला एक मुलगी यायची. ती हिनेकला अगदी हळू वाजवायला लावायची आणि चुकीच्या बटणाकडे बोट निघालं की तिथल्या तिथे थांबवायची. चूक पुरी होऊच द्यायची नाही. डाव्या बाजूच्या एका बटणाला मधोमध खळगा असतो. बाकीची वाट तिथून धरायची. पहिल्या दिवशी हिनेकच्या बोटाला तो खळगा सापडला तेव्हा तो हसला. काही दिवसांत बोटं खळग्यापासून शेजारी जाऊन परत यायला लागली, जशी मुलं आईला सोडून अंगणापर्यंत जाऊन येतात. मग एके दुपारी त्या संथ पोल्क्याची डावी बाजू, तुटक तुटक, पण बरोबर. यार्मिला सिंकसमोर उभी राहून तीच ताटली घासत राहिली.

नेमका तेव्हाच पाऊस पडून गेला आणि ऊन पडलं.

त्या गावात पावसामागून ऊन आलं की माणसं घरात राहत नाहीत. टोपल्या घेऊन रानात जातात. पाद्री जातो, पोलीस जातो, गुडघे बदललेल्या म्हाताऱ्या जातात. कोण कुठून अळंबी आणतो हे मरेपर्यंत कुणी कुणाला सांगत नाही. खिडकीतून टोपल्या जाताना बघून हिनेकचा जीव खालीवर होऊ लागला.

"डॉक्टरबाईंनी चालायला सांगितलंय ना?"

"रस्त्यावर चाल."

"रस्त्यावर काय उगवतं? यार्मिला, मी लहानपणापासून त्या रानात जातोय. तिथे मला कधी कशाची भीती वाटलीय?"

तिनं विचार केला. रान शांत असतं. त्यात रेडिओ नसतो, बाण लागलेले संत नसतात. उलट घरात कोंडलेला माणूसच चिडतो. हिशोब बरोबर होता. ते गेले.

रानात हिनेक पोरासारखा झाला. प्रत्येक टोपीपाशी बसायचा, वास घ्यायचा. अळंबी काढायची कशी, यावरून या दोघांचा लग्नापासूनचा वाद. हिनेकच्या घरचे ती पिळून मुळासकट काढायचे. यार्मिलाच्या आईनं तिला चाकूनं कापायला शिकवलं होतं, मूळ जमिनीत राहिलं की पुढच्या वर्षी परत उगवतं म्हणून. त्या देशात या एका वादावर लग्नं मोडत नाहीत, पण जेवणं मोडतात. त्या दिवशी मात्र हिनेक डाव्या हातानं एकेक अळंबं पिळत होता आणि यार्मिला त्याला पिळू देत होती. बोटं थरथरत होती, पण धरत होती.

मग लांब कुठेतरी कुत्रा भुंकला. मोठा कुत्रा, शिकाऱ्याचा असावा. यार्मिलानं आधी हिनेकच्या चेहऱ्याकडे बघितलं. कुत्रा इकडे आला तर? अंगावर धावला तर? "चल, पुरे आता," ती म्हणाली आणि पुढे झाली. वाटेतच एक हिरवट टोपीचं अळंबं होतं. हिरवी कबुतरी. मोडली तर खडूसारखी तुटते, अंड्याबरोबर फार चविष्ट लागते. देठ किडलेला दिसला. तिनं टोपीच्या अगदी लगत चाकू फिरवला, टोपी टोपलीत टाकली आणि हिनेकचा दंड धरून वाटेला लागली. कुत्रा आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अळंबी शहाजिरं घालून अंड्यात परतली. दोघांनी काळ्या पावाबरोबर पोटभर खाल्ली. हिनेक डाव्या हातात काटा धरून जेवला आणि तसं जेवताना तिच्याकडे बघत होता, की बघतेयस ना?

ताटल्या उचलायच्या आत लुबोश आला.

"बस भावजी. राहिलंय थोडं."

"नको वहिनी, मी घरून खाऊन आलोय. तुझ्या हातचं खाऊन मरायला मला आज वेळ नाही." असं तो दर खेपेला म्हणायचा. तो टेबलाशी बसला. समोर वर्तमानपत्रावर साफसफाईतली सालं आणि देठांचे तुकडे पडले होते. त्यानं बोटानं ते चाळवले. "हे हिरवं काय? आणि याचा देठ कुठाय?"

"कबुतरी आहे. देठ किडका होता."

"कापलीस ना? वरून कापलीस! तरी आमची आई सांगायची. ती हिरवी जहरी छत्री पण अशीच असते बरं का, फक्त तिच्या बुडाशी पांढरी पिशवी असते. तू ठेवलीस पिशवी जमिनीत, टोपी घातलीस नवऱ्याच्या पोटात." तो खुशीत आला. "चांगलं आहे. ती चवीला गोड असते म्हणे. दिवसभर काही होत नाही. मग रात्री सुरू होतं. मग बरं वाटतं. आणि मग काळीज, यकृत, सगळं विरघळतं. हिनेक, छडी आता माझ्याकडेच राहणार म्हणायची!"

नेहमीचा दिवस असता तर हिनेक म्हणाला असता, की तुझ्या वाजवण्यापेक्षा मरण बरं. यार्मिलानं फोडणी घातली असती. विषय संपला असता.

हिनेकच्या डाव्या हातातून काटा खाली पडला.

तो पडल्याचा आवाज फार मोठा झाला. यार्मिलानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो धुवून वाळत घातलेला चेहरा तसाच उघडा होता, आणि त्यात काहीतरी आत शिरताना दिसत होतं. सावकाश. शाई टीपकागदात शिरते तसं.

"गंमत केली रे," लुबोश म्हणाला. "अरे, गंमत!"

हिनेकनं त्याच्याकडे बघितलंच नाही. तो बायकोकडे बघत होता.

"यार्मिला, कबुतरीच होती ना?"

"कबुतरीच."

"खात्री?"

खात्री म्हणायला तिनं तोंड उघडलं, आणि तिच्या कानात तो लांबचा कुत्रा भुंकला. मोडून बघितली होती का आपण? पालटून खालची बाजू बघितली होती का? नव्हती. जन्मभर प्रत्येक अळंबं पालटून बघितलं, आणि एकाला, फक्त त्या एकाला, हा घाबरू नये म्हणून घाईत कापलं.

"खात्री," ती म्हणाली.

शब्द बरोबर होता. यायला उशीर झाला. तेवढा उशीर हिनेकच्या चेहऱ्यात शिरला, पुरा शिरला, आणि तो उठून मोरीकडे धावला आणि ओकला.

लुबोशनं सालं पुन्हा चाळवली. आता त्याचं बोट सावकाश फिरत होतं. "वहिनी," तो हळूच म्हणाला, "खरंच खालून बघितली नाहीस?"

गंमत सुरू करणाऱ्याला ती संपवता येते असं थोडंच असतं?

यार्मिला ओट्याला टेकून उभी राहिली. तिच्याही पोटात तेच होतं. तिनं आत कान दिला. पोट नेहमीसारखंच होतं, पण लुबोश म्हणालाच होता, दिवसभर काही होत नाही. समजा, ती कबुतरीच आहे. मग नवऱ्याला इस्पितळात नेलं तर नळ्या, सुया, धावपळ, पांढरे कोट, आणि हे सगळं त्या ओल्या मनावर उमटणार, कायमचं. आणि समजा, कबुतरी नाही. मग घरात बसून शांत राहा शांत राहा म्हणत दोघं मरणार. आपल्या जिवाची पैज तिनं कधीच लावली असती. ती कबुतरी होती, दहातले नऊ हिस्से कबुतरीच होती. पण मोरीपाशी वाकलेला माणूस पैजेत लावायला तिचा नव्हता.

तिनं डॉक्टर हाय्नोवांना फोन लावला.

"बाई, दार उघडलं गेलं."

"कोण? काय झालं?"

तिनं सांगितलं. बाई अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "आत्ता निघा. जवळचं इस्पितळ गाठा. ती सालं बरोबर घ्या, ओकलेलंही घ्या. पीठ गेलं तर गेलं."

लुबोशनं गाडी काढली. वाटभर तो म्हणत होता, "मी गंमत करत होतो, देवाशपथ गंमत करत होतो," आणि यार्मिला मागे बसून सालांचं पुडकं मांडीवर धरून होती. तिनं हिनेकचा डावा हात हातात घ्यायचा प्रयत्न केला. त्यानं तो रागानं नाही, हळूच काढून घेतला. गरम भांड्यावरून हात निघतो तसा आपोआप निघाला.

इस्पितळातला डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं सगळं बरोबर केलं. दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर निजवलं, विष शोषणारी कोळशाची काळी भुकटी पाण्यात कालवून पाजली, रक्त घेतलं. इतक्या लवकर ओकारी झाली म्हणजे उलट बरंच लक्षण आहे, जहरी छत्री एवढ्या लवकर बोलत नाही, हेही सांगितलं. पण विचारायला हवं ते त्याला विचारावंच लागलं.

"अळंबी कुणी तोडली?"

"मी," यार्मिला म्हणाली.

"ती हिरवी कुणी कापली?"

"मीच."

"शिजवली कुणी?"

"मी."

"वाढली?"

"मीच वाढली, डॉक्टर. आणि मीपण खाल्ली!"

"ते बरोबर," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या खोलीत गेला. मग परिचारिका आली आणि तिनं तेच विचारलं. मग दुसरी आली, नोंदीसाठी. दर खेपेला यार्मिला 'मी' म्हणायची, आणि दर खेपेला शेजारच्या खाटेवर हिनेकचे डोळे मिटून उघडायचे. सराव घेणारी ती मुलगी तिला आठवली. हळू. पुन्हा. आणखी एकदा. बटण बरोबर दाबलं जात होतं, आणि थांबवायला कुणी नव्हतं.

"असं नका ना विचारू," तिसरी परिचारिका आली तेव्हा ती म्हणाली. "बाहेर नेऊन विचारा मला."

"आजी, तुम्हाला सलाईन लावलंय. बाहेर कशा येणार?"

भीती अशी असते हे यार्मिलाला माहीत नव्हतं. मरणाची वाटत होती ती अगदी साधी होती, पोटाशी बसली होती, तिच्याशी बोलता येत होतं. ही दुसरी डोळ्यांसमोर घडत होती. माणूस जिवंत आहे, श्वास घेतोय, आणि त्याच्या आत कुणीतरी तुमचं नाव भलत्या खणात ठेवतंय.

दुपार कलल्यावर डॉक्टर हसत आला. सूक्ष्मदर्शकाखाली अळंबीच्या बीजाचे दाणे दिसले होते, खरबरीत, काट्याकाट्यांचे; जहरी छत्रीचे गुळगुळीत असतात. कबुतरी. निखळ कबुतरी. खाटांभोवती सगळे हसले. लुबोश ढसाढसा रडला आणि त्यानं परिचारिकेला मिठी मारली. डॉक्टर म्हणाला, "आजी, पुढच्या वेळी पिळून काढा हो," आणि यार्मिलाही हसली, कारण हसणं भाग होतं.

हिनेक हसला नाही. "बरं झालं," तो म्हणाला. त्याची डावी बोटं पांघरुणावर हलत होती. पोल्क्याची डावी बाजू, सगळी, एकही चूक न करता.

पहिले काही दिवस ती म्हणाली, ओकलाय, पोट बिघडलंय, म्हणून खात नाही. मग म्हणाली, वेळ लागेल. तो तिच्याशी चांगलं बोलायचा, तिची थट्टा करायचा, तिच्याजवळ निजायचा. पण तिनं ताट पुढे ठेवलं की त्याचा घसा बंद व्हायचा, दिसेल असा. तिनं पाव कापायला चाकू उचलला की डावा हात, तोच बरा झालेला हात, झटक्यानं छातीशी जायचा. लुबोशच्या बायकोच्या हातचं तो व्यवस्थित जेवायचा. डबाबंद मासे स्वतः उघडून खायचा. रानाची भीती नव्हती. अळंब्याचीही फारशी नव्हती.

"मला माहितेय गं," तो म्हणायचा. "कबुतरी होती. डोक्याला सगळं माहितेय."

"मग घशाला सांग."

"रोज सांगतो. ऐकत नाही."

डॉक्टर हाय्नोवांनी सगळं ऐकून घेतलं आणि काही लपवलं नाही. हे औषधामुळे झालं की नुसत्या धक्क्यामुळे, हे ठामपणे सांगता येणार नाही, म्हणाल्या. विसरवता येईल, पण आता नेहमीच्या वाटेनं, सगळी माणसं विसरतात तसं, घासाघासानं. पुन्हा औषध? प्रयोगाच्या नियमात ते बसत नाही. "आणि बसलं असतं," बाई म्हणाल्या, "तरी त्या दिवसांत तुम्ही समोर असाव्यात की नसाव्यात, हे मला सांगता आलं नसतं."

यार्मिलालाही भीती वाटली होती, त्याच ताटलीची, तेवढीच. तिची आठवड्यात विरली. तिचं पीठ जुनं होतं.

जत्रेच्या दिवशी तिनं दुपारचं जेवण घरी केलं. बदक, आंबट कोबी, आणि पिठाचे लांबट गोळे, वाफवलेले. तिकडे हे गोळे चाकूनं कापतच नाहीत. दोरा खालून घालून वर ओढून कापतात, म्हणजे दबत नाहीत. इतकी वर्षं ती ते करत आली होती आणि तिच्या मनात कधी काही आलं नव्हतं. आज दोरा हातात घेतला आणि तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो बँडचा कोट घालून दारात उभा होता. छडी त्याच्या खिशातून डोकावत होती. लुबोशनं आदल्या दिवशी ती स्वतः आणून दिली होती, एकही विनोद न करता. लुबोश आता विनोद करत नसे, आणि त्यामुळे त्याच्याकडे बघवत नसे.

"दोरा धर एका बाजूनं," यार्मिला म्हणाली.

हिनेक आला. डाव्या हातानं त्यानं दोऱ्याचं टोक धरलं. हात छातीशी गेला नाही. दोघांनी दोरा ओढला, वाफाळती चकती सुटून पडली, मग दुसरी, मग सगळा गोळा. ती त्याच्याकडे न बघता मोजून मापून श्वास घेत होती. तिनं दोन ताटं वाढली. तो बसला. चकतीचा तुकडा काट्यावर घेतला, ओठांपर्यंत नेला, आणि तिला त्याचा घसा दिसला.

काटा परत ताटात आला.

"आज ओठांपर्यंत गेला," तो म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"गेला खरा."

"लुबोशकडे खाऊन जातो तसाच. तू ये बाकावर."

"येते."

तो गेला. थोड्या वेळानं चौकातून अकॉर्डियन ऐकू आली. डावी बाजू अशी काही वाजत होती की आजारपणाआधीही वाजली नव्हती. प्रत्येक बटण निराळं, प्रत्येकाला नाव. यार्मिला ऐकत बसली आणि तिनं हिशोब केला. हिनेकला हात मिळाला. लुबोशची छडी गेली आणि थट्टा गेली, पण दुपारच्या जेवणाला रोज भाऊ मिळाला. डॉक्टरबाईंना त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगायला काहीतरी मिळालं. तिनं स्वतःसाठी मांडलेलं तर सगळंच पदरात पडलं होतं: मंगळवार-शुक्रवारची संध्याकाळ, बायकांचं बाक, निजण्याआधीचा पोल्का. सूपमध्ये मीठ किती टाकलंस, हे तर आता कधीच कुणी विचारणार नव्हतं.

तिनं दोरा धुतला, खिळ्याला अडकवला, खुर्ची पुढे ओढली आणि अन्न वाया जाऊ नये म्हणून आधी आपलं ताट संपवलं, मग त्याचं.